गेरिट घ्यावं की गिटलॅब? आधी रिव्ह्यूचं एकक ठरवा

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. १४ जणांची टीम आहे. आजवर कोडच्या आवृत्त्या सांभाळायला सबव्हर्जन वापरलं, कोड आधी कमिट होतो, म्हणजे बदल म्हणून नोंदला जातो, आणि मग रिव्ह्यू बोर्ड या टूलवर ज्याला जमेल तो तपासतो. आता तीन महिन्यांत सबव्हर्जनऐवजी गिटवर जायचंय, रिलीज तिमाहीऐवजी दर आठवड्याला करायचाय आणि मर्जच्या, म्हणजे कोड मुख्य शाखेत मिसळण्याच्या, आधी रिव्ह्यू सक्तीचा होणार आहे. रिव्ह्यूच्या टूलसाठी निम्मी टीम गेरिट म्हणतेय, निम्मी गिटलॅबच्या मर्ज रिक्वेस्ट (आपलं काम मिसळून घ्या अशी विनंती) म्हणतेय. मॅनेजरना दोन आठवड्यांत निर्णय हवाय, आणि यातलं चांगलं कोणतं असं तुम्ही विचारताय.

थेट सांगते. तुम्ही जेवढं लिहिलंय तेवढ्यावरून मी गिटलॅब घेईन, पण गिटवर जाता जाता त्याच दिवशी नाही. हे उत्तर कशावर टिकून आहे आणि कोणत्या गोष्टीने उलटू शकतं, ते मात्र समजून घ्या. नाहीतर टूल येईल आणि भांडण तसंच राहील.

तुमच्याकडे एकाच वेळी तीन बदल चाललेत. व्हर्जन कंट्रोल बदलतंय. रिव्ह्यूची वेळ बदलतेय, म्हणजे कमिटनंतर होणारं काम मर्जच्या आधी येतंय. आणि रिलीजची लय बदलतेय. टूल हा चौथा बदल, पण बाकीच्या तिन्हींचा राग त्याच्यावरच निघतो. गेरिट मागणाऱ्यांना बहुतेक स्वच्छ इतिहास हवा असेल. मर्ज रिक्वेस्ट मागणाऱ्यांना आपलं काम आपल्या ब्रँचवर, म्हणजे कोडच्या वेगळ्या शाखेवर, निवांत करायचं असेल. दोन्ही अपेक्षा रास्त आहेत, पण त्या कामाच्या पद्धतीबद्दल आहेत. म्हणून मी १७ वर्षं कोड लिहून आणि तपासून, तीन वेळा टूलबदलातून गेल्यावर, आता पहिला प्रश्न एकच विचारते: तुमच्या रिव्ह्यूचं एकक काय?

एकक म्हणजे तपासणाऱ्यासमोर एका वेळी जे येतं आणि ज्यावर तो हो किंवा नाही म्हणतो, ते. रिव्ह्यू बोर्ड २००६ मध्ये सुरू झालं, सबव्हर्जन आणि परफोर्सच्या काळात. तिथे एकक म्हणजे एक डिफ, जुन्या आणि नव्या कोडमधला फरक. तो कुठून आला, त्यामागे किती कमिट आहेत, याच्याशी टूलला फारसं देणंघेणं नव्हतं. गेरिटचं घराणं वेगळं. गुगलमध्ये पायथनचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांनी मॉन्ड्रियन नावाचं अंतर्गत टूल केलं, त्याच कल्पनेवर २००८ मध्ये रिटव्हेल्ट हे खुलं टूल आलं, आणि अँड्रॉइडच्या गरजेसाठी रिटव्हेल्टमध्ये फेरफार करता करता गेरिट जन्माला आलं. गेरिटमध्ये एकक म्हणजे एक कमिट. तुम्ही कमिट करता तेव्हा हुक नावाची छोटी स्क्रिप्ट मेसेजच्या शेवटी चेंज-आयडी ही ओळखखूण घालते. रिव्ह्यूत कुणी चूक काढली की तुम्ही नवा कमिट जोडत नाही, तोच कमिट अमेंड करून, म्हणजे जागच्या जागी सुधारून, परत पाठवता. चेंज-आयडी तोच असल्यामुळे गेरिट त्याला त्याच बदलाचा पुढचा पॅचसेट, म्हणजे पुढची आवृत्ती, मानतं. मेनमध्ये, म्हणजे मुख्य शाखेत, शेवटी एकच, पूर्ण झालेला कमिट जातो.

मर्ज रिक्वेस्टमध्ये एकक म्हणजे ब्रँच. ब्रँचवर ३ कमिट असोत की ३०, तपासणारा सगळ्यांची बेरीज बघतो. चूक सापडली की आणखी एक कमिट जोडायचा. मर्ज करताना स्क्वॉश करून सगळ्यांचा एक करायचा की जसे आहेत तसे ठेवायचे, हे टीम ठरवते.

यात उच्चनीच काही नाही. पण टीमची सवय एका एककाची आणि टूल दुसऱ्या एककाचं असेल तर रोज काटा टोचत राहतो. मी ज्या टीममध्ये हे अगदी जवळून पाहिलं तिथे लांब ब्रँच ठेवायची वर्षानुवर्षांची सवय होती आणि आम्ही गेरिट आणलं. लोक दोन आठवडे आपापल्या ब्रँचवर ‘चालू काम’, ‘आता चालतंय’, ‘टायपो’ असे कमिट करत राहिले आणि मग सगळं एकदम पुश केलं, म्हणजे सर्व्हरवर पाठवलं. गेरिटने प्रत्येक कमिटचा वेगळा बदल केला. तपासणाऱ्यांसमोर एकमेकांवर अवलंबून असलेले २०-२० बदल आले, त्यातले निम्मे पुढच्याच बदलात खोडलेले. तिसऱ्या कमिटवर कुणी शंका काढली की वरच्या सगळ्यांचा रिबेस करावा लागायचा, म्हणजे ते नव्या पायावर पुन्हा रचावे लागायचे, आणि सगळ्या बिल्ड पुन्हा सुरू व्हायच्या. महिन्याभरात लोक न वाचता प्लस टू, म्हणजे अंतिम मंजुरी, द्यायला लागले. गेरिट त्याचं काम बरोबर करत होतं. कमिट कसा कापायचा हे आम्ही कुणाला शिकवलं नव्हतं, आणि ती शिकवणी टूल देत नाही.

आता दुसऱ्या फेरीबद्दल सविस्तर लिहिते. टूल निवडताना सगळे पहिली फेरी बघतात: डिफ कसा दिसतो, कॉमेंट कशी टाकायची. टूल खरं कळतं ते दुसऱ्या फेरीत. मी काल तुमच्या बदलावर सहा कॉमेंट टाकल्या, आज तुम्ही दुरुस्त करून पाठवलंत. मला आता एवढंच हवंय की कालपासून काय बदललं. गेरिटचं बळ नेमकं इथे आहे. दुसरा आणि चौथा पॅचसेट समोरासमोर ठेवता येतात, मधे रिबेस झाला असेल तर निव्वळ रिबेसमुळे आलेल्या ओळी वेगळ्या रंगात दाखवल्या जातात, आणि बदल न करता नुसता रिबेस केला असेल तर आधीची मतं टिकवून ठेवता येतात. गिटलॅबही प्रत्येक पुशची आवृत्ती ठेवतं आणि दोन आवृत्त्यांची तुलना दाखवतं, पण मधे रिबेस झाला असेल तर दुसऱ्यांचे मेनवरचे बदल त्या तुलनेत मिसळलेले दिसू शकतात. म्हणून मर्ज रिक्वेस्ट घेणार असाल तर एक नियम पहिल्या दिवसापासून पाळा: रिव्ह्यू सुरू झाल्यावर मर्जच्या क्षणापर्यंत रिबेस आणि फोर्स पुश (सर्व्हरवरचे आधीचे कमिट पुसून नवे पाठवणं) नाही, दुरुस्त्या वेगळ्या कमिटमध्ये टाकायच्या आणि शेवटी स्क्वॉश करायचं. एखाद्याने तरी रिबेस केलाच, तर गिटमध्ये २०१८ च्या २.१९ आवृत्तीपासून रेंज-डिफ ही कमांड आहे. ती कमिटांच्या दोन मालिका जोडीजोडीने लावून फरक दाखवते. तिचं आउटपुट वाचायला थोडा सराव लागतो, पण टीममधल्या दोघांना तरी ते जमायला हवं.

मतांची पद्धतही वेगळी आहे. गेरिटमध्ये प्लस वन म्हणजे ‘मला ठीक वाटतंय, पण अजून कुणी बघा’ आणि प्लस टू म्हणजे ‘जाऊ दे’. दोन प्लस वन मिळून प्लस टू होत नाही, आणि नेहमीच्या मांडणीत मायनस टू दिलेल्याने तो काढेपर्यंत बदल अडून राहतो. ज्यांच्याकडे अनुभवी आणि नवखे अशी स्पष्ट उतरंड आहे त्यांना हे सोयीचं पडतं. गिटलॅबमध्ये मंजुरी मोजली जाते. तिथे एक गोष्ट आधी तपासून घ्या: मोफत आवृत्तीत मंजुरी देता येते, पण ती सक्तीची करण्याचे नियम सशुल्क आवृत्तीत आहेत. तुमच्या मॅनेजरना ‘मर्जच्या आधी रिव्ह्यू सक्तीचा’ हे टूलकडूनच करून घ्यायचं असेल, तर तो खर्च याच दोन आठवड्यांत मोजा.

टीमला सगळ्यात जास्त जाणवेल ती मात्र वाट बघण्याची गोष्ट. आज तुम्ही कमिट करता आणि पुढच्या कामाला लागता. उद्यापासून कोड अडकून राहील. गुगलच्या रिव्ह्यू पद्धतीवर २०१८ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला त्यात पूर्ण रिव्ह्यूला लागणाऱ्या वेळेचं मध्यक ४ तासांपेक्षा कमी आहे. हे वाचून लोक टूलचं कौतुक करतात आणि त्याच अभ्यासातला दुसरा आकडा विसरतात: बदललेल्या ओळींचं मध्यक होतं २४. चोवीस ओळी कुणीही चहाच्या सुट्टीआधी वाचून संपवतो. तुमचा नेहमीचा बदल ८०० ओळींचा असेल तर गेरिट आणा की गिटलॅब, तो दोन दिवस पडूनच राहणार. सबव्हर्जनच्या लॉगमधून गेल्या सहा महिन्यांतल्या कमिटांचा आकार काढा. तासाभराचं काम आहे, आणि कोणत्याही वैशिष्ट्यांच्या तक्त्यापेक्षा ते तुम्हाला जास्त सांगेल.

बदल लहान केले की लगेच पुढचा प्रश्न येतो. पहिला तुकडा रिव्ह्यूत आहे आणि दुसरा त्याच्यावर उभा आहे, मग करायचं काय? गेरिटमध्ये हे अंगभूत आहे. एकावर एक तीन कमिट पाठवले की त्यांची साखळी दिसते आणि खालचा मंजूर झाला की तो एकटा आत जातो. मर्ज रिक्वेस्टमध्ये ब्रँचवर ब्रँच काढावी लागते, आणि स्क्वॉश तिथे दगा देतो. खालची ब्रँच स्क्वॉश होऊन मेनमध्ये एक नवा कमिट म्हणून गेली, तरी वरच्या ब्रँचमध्ये तिचे मूळ कमिट असतातच. गिटला ते दोन्ही एकच आहेत हे कळत नाही आणि ज्या ओळींवर काही वाद नाही तिथे कॉन्फ्लिक्ट येतात. त्यावर उपाय आहेत. रिबेसला ऑन्टो पर्याय देऊन वरची ब्रँच नव्या मेनवर उचलून ठेवता येते, आणि २०२२ च्या गिट २.३८ पासून रिबेसला अपडेट-रेफ्स हा पर्याय दिला की साखळीतल्या सगळ्या ब्रँच एकदम सरकतात. पण सबव्हर्जनमधून नुकत्याच आलेल्या माणसाला पहिल्याच महिन्यात हे करायला सांगणं मला क्रूर वाटतं. सुरुवातीला दोनपेक्षा जास्त मजले चढवू नका.

आणखी एक गोष्ट सबव्हर्जनवाल्यांना हमखास चकवते. सबव्हर्जनमध्ये फाइल हलवली की ती कुठून आली याची नोंद राहते. गिट तशी नोंद ठेवतच नाही. दोन फाइलींमधलं साम्य बघून ते अंदाज बांधतं, आणि नेहमीची सीमा ५० टक्के साम्याची असते. फाइल हलवली आणि त्याच कमिटमध्ये ती निम्म्याहून जास्त बदलली, तर रिव्ह्यूत एक फाइल पूर्ण लाल आणि एक पूर्ण हिरवी दिसते. मग तपासणारा चिडून टूलला नावं ठेवतो. हलवण्याचा कमिट वेगळा ठेवा, बदलाचा वेगळा.

सीआय (प्रत्येक बदलावर आपोआप होणारी बिल्ड आणि चाचणी) आणि सर्व्हरची देखभाल यांचं थोडक्यात. गेरिट स्वतः बिल्ड चालवत नाही, त्याला जेन्किन्स किंवा झूलसारखं काहीतरी जोडावं लागतं आणि ते व्हेरिफाइड हे मत देतं. गिटलॅबमध्ये बिल्ड चालवणारी पाइपलाइन घरचीच आहे. तुमच्या प्रश्नात सर्व्हर कोण सांभाळणार याचा उल्लेख नाही. गेरिट उत्तम टूल आहे, पण त्याचं अपग्रेड, लॉगिनची व्यवस्था, बॅकअप हे कुणाच्या तरी कामाच्या यादीत नाव घालून लिहिलेलं हवं. ते नाव तुमच्याकडे नसेल तर माझ्यासाठी पारडं गिटलॅबकडे झुकायला तेवढंच पुरेसं आहे.

टूलच्या मागे कोण आहे तेही बघा. फॅब्रिकेटर हे रिव्ह्यूचं टूल फेसबुकमध्ये जन्मलं, २०११ मध्ये खुलं झालं, कितीतरी मोठ्या प्रकल्पांनी घेतलं, आणि २०२१ मध्ये ते सांभाळणाऱ्या कंपनीने त्यावरचं काम थांबवलं. पुढे फोर्ज नावाची शाखा समुदायाने चालवली, पण वापरणाऱ्यांना नव्याने विचार करावाच लागला. म्हणून बाहेर पडायचा रस्ता आत शिरतानाच पाहून ठेवा. गेरिट २०१९ च्या ३.० आवृत्तीपासून रिव्ह्यूची माहिती गिट रेपोतच (कोडच्या साठ्यातच) ठेवतं, म्हणजे चर्चा कोडबरोबर उचलता येते. गिटलॅबमध्ये ती डेटाबेसमध्ये राहते, त्यामुळे एक्स्पोर्टमध्ये कॉमेंट येतात का हे चाचणीतच करून बघा.

आता ‘त्याच दिवशी नाही’ असं का म्हणाले ते. एलएलव्हीएम या कंपायलर प्रकल्पाने २०१९ मध्ये सबव्हर्जन सोडून गिट घेतलं, पण रिव्ह्यू फॅब्रिकेटरवरच चालू ठेवला. गिटहबच्या पुल रिक्वेस्टवर ते २०२३ मध्ये गेले. एवढं लांब अंतर तुम्हाला नको, पण क्रम घेण्यासारखा आहे. रिव्ह्यू बोर्ड गिटबरोबरही चालतं. तेव्हा आधी गिटवर जा आणि पहिले सहा आठवडे रिव्ह्यू ओळखीच्या पडद्यावरच राहू द्या. फक्त वेळ बदला: आधी रिव्ह्यू, मग पुश. लोकांना ब्रँच, रिबेस आणि अमेंड हाताला बसले की टूल बदला. एका वेळी एकच गोष्ट अनोळखी असली की काही बिघडल्यावर कारण सापडतं. यात तोटा असा की टीमला दोनदा त्रास होतो आणि मधल्या काळात सक्ती टूलकडून होत नाही, शब्दावर चालते. १४ जणांत ते चालून जातं. तुमच्याकडे ऑडिटसाठी मंजुरीची नोंद लागत असेल तर मात्र हा मधला टप्पा गाळा आणि थेट गिटलॅबवर या.

मॅनेजरनी दिलेले दोन आठवडे वाया घालवू नका. खेळण्यातला रेपो घेऊन चाचणी करू नका, तिथे सगळीच टूल छान दिसतात. तुमच्याच इतिहासातले पाच बदल निवडा: एक दोन ओळींची दुरुस्ती, एक फाइल हलवलेला बदल, एक मोठा रिफॅक्टर, एक ज्यावर खूप चर्चा झाली होती असा, आणि एक रात्री घाईत केलेला हॉटफिक्स. ते दोन्ही टूलमध्ये पुन्हा घडवा, कॉमेंट आणि दुसऱ्या फेरीसकट. तपासायला टीममधल्या उत्साही मंडळींना बसवू नका. रिव्ह्यूचा सगळ्यात कंटाळा असणारा जो कुणी असेल त्याला बसवा, आणि दुसऱ्या फेरीत ‘काय बदललं’ हे त्याला किती वेळात सांगता येतं ते बघा. मायक्रोसॉफ्टमध्ये २०१३ च्या एका अभ्यासात दिसलं होतं की लोक रिव्ह्यूकडून चुका सापडण्याची अपेक्षा धरतात, पण अडचण सगळ्यात जास्त येते ती दुसऱ्याचा बदल समजून घेण्यात. चाचणीत तेच मोजा.

जुन्या रिव्ह्यूंचं काय करायचं हे तुम्ही विचारलेलं नाही, पण तो प्रश्न नंतर नक्की येतो. कॉमेंट नव्या टूलमध्ये आणायचा प्रयत्न मी एकदा केला आहे. ओळींचे क्रमांक जुळत नाहीत, खाती जुळत नाहीत, आणि तीन आठवड्यांच्या कामानंतर हाती येतं ते अर्धवट. त्यापेक्षा रिव्ह्यू बोर्ड फक्त वाचण्यापुरतं ठेवा, किंवा पानं साध्या एचटीएमएलमध्ये साठवून जुन्याच पत्त्यावर ठेवा, म्हणजे कमिट मेसेजमधल्या लिंक मरणार नाहीत. एलएलव्हीएमने आपल्या जुन्या रिव्ह्यूंचं असंच केलं. शिवाय गिटमध्ये येताना प्रत्येक कमिटच्या मेसेजमध्ये जुना सबव्हर्जन रिव्हिजन क्रमांक राहू द्या. सबव्हर्जनचा इतिहास गिटमध्ये आणणारं गिट-एसव्हीएन ती ओळ आपोआप घालतं, पण इतिहास सुंदर दिसावा म्हणून लोक ती काढून टाकण्याचा पर्याय निवडतात. तो निवडू नका. पाच वर्षांपूर्वीच्या बगमध्ये ‘आर ४८२१३ मध्ये दुरुस्त’ असं लिहिलेलं असतं, आणि ते शोधायला दुसरा रस्ता उरत नाही.

शेवटी, माझं मत ज्या एका गोष्टीने उलटेल ती. ग्राहकांकडे असलेल्या जुन्या आवृत्त्यांना तुम्ही दुरुस्त्या पाठवता का? साप्ताहिक रिलीज असला तरी दोनतीन जुन्या शाखा जिवंत ठेवाव्या लागत असतील, तर तीच दुरुस्ती चेरी-पिक करून, म्हणजे तेवढाच कमिट उचलून, सगळीकडे न्यावी लागते. गेरिटमध्ये चेरी-पिकला चेंज-आयडी तोच राहतो, त्यामुळे दुरुस्ती कुठे पोचली आणि कुठे राहिली हे एका पानावर दिसतं. मर्ज रिक्वेस्टमध्ये तो हिशेब बहुतेक वेळा माणसांना ठेवावा लागतो. सबव्हर्जनच्या लॉगमधून गेल्या वर्षातली अशी मर्ज मोजा. महिन्याला एखादी असेल तर वर लिहिलेलं कायम. आठवड्याला दोनतीन असतील आणि सर्व्हर सांभाळायला एक माणूस मिळणार असेल, तर मी गेरिट घेईन आणि वाचवलेले सगळे दिवस टीमला कमिट कापायला शिकवण्यात घालवीन.